विमलबाईंची माणसं

विमलबाईंना कुणी मत्सरी म्हटलं असतं, तर तुळजापुरातल्या त्यांच्या गल्लीनं त्या म्हणणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. शेजारणीची मुलगी पास झाली की पेढे ह्याच वाटणार, जावेनं नवी साडी घेतली की निऱ्या ह्याच बसवून देणार. दागिन्याचा, घराचा, कुणाच्या लेकाच्या नोकरीचा हेवा त्यांना कधी शिवला नाही. त्यांचा जीव अडकला होता भलत्याच ठिकाणी. आपली माणसं आपली राहिली पाहिजेत, एवढंच त्यांचं म्हणणं होतं, आणि त्या बाबतीत वाटेकरी त्यांना चालत नसे.

ही माणसं म्हणजे काही नातेवाईक नव्हेत. ही माणसं म्हणजे अणदूरला घोंगड्या विणणारा दगडोबा आणि देवीच्या देवळामागच्या बोळात कवड्यांच्या माळा ओवणारी कस्तुराबाई. विमलबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. नोकरीची ऐन उमेदीची वर्षं त्यांनी अणदूरला काढली, तीही तिथंच खोली घेऊन. नवरा विष्णुपंत तहसीलात कारकून, तो तुळजापुरात, बाई अणदूरला. संध्याकाळी शाळा सुटली की करायचं काय? मग त्या दगडोबाच्या ओसरीवर जाऊन बसत. खड्ड्यात पाय सोडून तो मागावर बसलेला असे, आणि गल्लीत ताणून बांधलेल्या सुताला त्याची बायको चिंचोक्याची खळ लावत असे. हळूहळू बाईंच्याही हातात कुंचा आला. एवढी शिकलेली बाई आपल्या दारात उभी राहून खळ लावते, ह्याचं दगडोबाला फार अप्रूप होतं. त्याची तिन्ही पोरं बाईंच्याच हाताखाली शिकली.

बदली होऊन बाई तुळजापुरात आल्या, पुढे रिटायर झाल्या, पण ही ये-जा सुटली नाही. उलट वाढली. पुण्याची नणंद येऊ दे नाहीतर भुसावळची मैत्रीण, देवीचं दर्शन झालं की बाई पदर खोचून पुढे निघायच्या. आधी कस्तुराबाईकडे. कवडीची पाठ दगडावर घासून तिला भोक कसं पाडतात ते पाहुणीला स्वतः करायला लावायचं. मग जीप करून अणदूरला, दगडोबाच्या मागापर्यंत. वाटेत बाईंचं बोलणं अखंड चालू. विमलमामीबरोबर फिरल्याशिवाय तुळजापूर झालं असं म्हणायचंच नाही, असं सगळ्या गोतावळ्यात ठरून गेलं होतं, आणि हे वाक्य कानावर पडलं की बाईंना दोन दिवस जेवण गोड लागायचं.

अशात वैदेही सून होऊन आली.

वैदेही नाशिकची. कैवल्य, बाईंचा मुलगा, आठवडाभर लातूरला बँकेत असायचा आणि ही इथं घरात लॅपटॉपवर कुठल्याशा कंपनीचं काम करायची. मुलगी गोड होती, हे बाईंनीच चारचौघांत सांगितलं होतं, त्यामुळे आता मागे घेता येत नव्हतं. सुरुवातीला तर बाईंना ती फारच आवडली, कारण ती ऐकायची. श्रावणात बाईंनी तिला अणदूरला नेलं, दिवाळीनंतर पुन्हा नेलं. लोकर कशी पिंजतात, काळं सूत न रंगवताही काळं कसं असतं, कवड्यांची जुनी माळ भक्तिणीच्या गळ्यातून देवीच्या परडीत कधी जाते, सगळं सांगितलं. वैदेही मान डोलवायची, फोनमध्ये काहीतरी टिपायची आणि अधूनमधून फोटो काढायची. बाईंना वाटलं, चांगली चेली मिळाली.

वर्षभरात चेलीनं गुरूची खुर्ची ओढून घेतली. असं निदान बाईंचं मत होतं. झालं एवढंच होतं की वैदेहीनं ते फोटो आणि छोटे छोटे व्हिडिओ फोनवर टाकले, लोकांना ते आवडले, आणि पुण्या-नाशिकच्या बायका विचारू लागल्या की आम्हाला हे बघायला यायचंय, कुणाला विचारायचं? तिनं लिहिलं, मला विचारा. त्यात बाईंचं नाव नव्हतं. घालायचं नव्हतं म्हणून नव्हे, सुचलं नव्हतं म्हणून. पण राहिलेलं नाव मुद्दाम गाळलेल्या नावापेक्षा जास्त बोचतं, हे ज्याचं राहतं त्यालाच कळतं.

मग रोज काहीतरी होऊ लागलं. बाई कस्तुराबाईकडे गेल्या तर ती ओवता ओवता मान वर करून म्हणाली, "एकट्याच आलाव? ताई न्हाय आल्या?" बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दिवाळीला दगडोबानं दरवर्षीप्रमाणे निखळ काळ्या लोकरीची घोंगडी पाठवली, पण ती आणणारा मुलगा दारात म्हणाला, "वैदेहीताईंसाठी धाडलीया." कळस झाला तो भाजीबाजारात. एका अनोळखी बाईनं त्यांना थांबवलं, निरखून पाहिलं आणि हसून विचारलं, "तुम्ही वैदेहीच्या सासूबाई ना?" तीस वर्षं ज्या गावानं त्यांना विमलबाई म्हणून ओळखलं, त्या गावात त्या आता कुणाच्या तरी सासूबाई झाल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी वांगी न घेताच घर गाठलं आणि विष्णुपंतांना आमटीवर भागवावं लागलं.

विष्णुपंत जेवता जेवता म्हणाले, "पोरगी नाव काढतेय तुझं."

"माझं नाव? माझं कुठं आलं त्यात?" बाई म्हणाल्या. विष्णुपंतांनी भात मागितला. चाळीस वर्षांच्या संसारात कुठं थांबायचं हे त्यांना कळत होतं.

कार्तिक संपता संपता वैदेहीनं सहल ठरवली. पहिलीच मोठी. पुण्याच्या चौदा बायका, एक मिनीबस, मार्गशीर्षातला एक रविवार. स्वयंपाकघरात बाई शेंगा फोडत बसल्या होत्या, तिथंच ती पाट ओढून बसली आणि सगळा बेत सांगू लागली. सकाळी देवीचं दर्शन, मग कस्तुराबाईकडे प्रत्येकीनं स्वतः एक एक माळ ओवायची. तिथून अणदूर. खंडोबाच्या देवळात वाघ्या-मुरळीचं जागरण ऐकायचं, मग दगडोबाकाकांचा माग. त्यांच्याशी ती फोनवर बोलली होती, ते म्हणाले होते, या की, रविवारी आम्ही असतोच.

बाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली.

खंडोबा मार्गशीर्षात अणदूरला नसतो. वर्षाचे बरेच महिने तो अणदूरला असतो आणि मार्गशीर्ष लागला की पालखीतून नळदुर्गला जातो. पौषी पुनवेची जत्रा तिथं होते, मग परत येतो. देव एकच, घरं दोन. देव हलला की वाघ्ये हलतात, हारवाले हलतात, आणि दगडोबाही माग बंद करून घोंगड्यांचं गाठोडं घेऊन नळदुर्गच्या देवळापाशी पाल टाकतो, कारण विक्री तिथंच होते. अणदूर-नळदुर्गच्या माणसाला हे कुणी सांगावं लागत नाही. म्हणून दगडोबानंही फोनवर सांगितलं नव्हतं. कुठं या, हे काय सांगायचं, देव आहे तिथं या. आणि नाशिकच्या मुलीला देव बिऱ्हाड बदलतो हे कसं सुचावं? बाईंनी तिला सगळं शिकवलं होतं, एवढंच राहिलं होतं. गेल्या मार्गशीर्षात वैदेही भावाच्या लग्नाला माहेरी होती, तेव्हा हा विषयच निघाला नव्हता.

"आई, काही चुकतंय का? तुम्हाला माहीत असतं सगळं. नीट बघा ना एकदा," वैदेही म्हणाली.

आता एक वाक्य बोलायचं होतं. सोपं, रोजच्या भाषेतलं. ते बाईंच्या ओठापर्यंत आलंही होतं. पण त्याच्या आधी त्यांच्या डोळ्यांपुढे ती बस आली, त्यातल्या चौदा बायका आल्या, आणि त्या सगळ्यांच्या पुढे उभी राहून बाईंचीच वाक्यं बोलणारी वैदेही आली. ठेच लागू दे एकदा, असं त्यांना वाटलं. कळू दे हिला की फोनमध्ये टिपून माणसं आपली होत नाहीत.

"छान झालंय," त्या म्हणाल्या आणि शेंग फोडली.

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय, लिहून देऊ?"

वैदेही हसली आणि उठून गेली. ती एकदा नव्हे, दोनदा विचारून गेली, हे बाईंनी मनाशी नोंदवून ठेवलं. मग त्या दिवसभर नेहमीपेक्षा जास्त प्रेमानं वागल्या, सुनेच्या आवडीची थालीपिठं लावली. मनात पाप असलं की त्यांचा हात स्वयंपाकात सढळ होत असे.

देव अणदूरहून निघतो त्या रात्री बाई दरवर्षी हजर असायच्या. गुडघे दुखोत, थंडी पडो, त्या जाणार, भंडारा उधळणार, दगडोबाच्या घरी भाकरी खाणार. यंदा त्या गेल्या नाहीत. गेल्या असत्या तर घरात विषय निघाला असता, वैदेहीनं विचारलं असतं, देव निघतो म्हणजे कुठं? गुडघ्याला तेल लावून त्या घरात बसून राहिल्या. देवाच्या आणि आपल्या मध्ये त्यांनी सुनेचा मत्सर आणून ठेवला, आणि हे करताना त्यांना स्वतःची थोडी लाजही वाटली. पण ती लाज पुरेशी नव्हती.

सहलीच्या आदल्या दिवशी विष्णुपंतांना कुठून तरी आठवलं. "अगं, अणदूरचा देव ह्या दिवसांत नळदुर्गला असतो ना? तूच जायचीस बघ."

"तिला ठाऊक आहे सगळं. ती हुशार आहे," बाई म्हणाल्या, आणि विष्णुपंतांनी पुन्हा वर्तमानपत्रात डोकं घातलं.

बाईंना खरं तर घरीच बसायचं होतं. पण वैदेहीनं हट्ट धरला, "तुम्ही नसाल तर मजा नाही, आई." बाईंनाही आतून वाटत होतंच की हिचं तोंड पडलेलं आपल्या डोळ्यांनी बघावं. त्या निघाल्या.

सकाळ फार चांगली गेली, म्हणजे बाईंच्या दृष्टीनं फार वाईट. कस्तुराबाईनं अंगणात सतरंजी टाकली होती. बायका कवड्या घासता घासता हसत होत्या, नखं तुटली म्हणून ओरडत होत्या, आणि वैदेही प्रत्येकीपाशी जाऊन तिचा हात धरून दाखवत होती. कवडी कुठल्या बाजूला धरायची, दगडावर पाणी किती, हे सगळं ती बाईंच्या तोंडचंच सांगत होती, पण सांगत होती सुरेख. तिच्याजवळ धीर होता. बाई पाहुण्यांच्या हातातली कवडी हिसकून स्वतः घासायच्या, ही घासू देत होती. हा फरक बाईंच्या ध्यानात आला आणि त्यांना अजिबात आवडला नाही.

बस नळदुर्गच्या रस्त्याला लागली. बाई खिडकीशी बसल्या होत्या. नळदुर्ग जवळ आलं तशी रस्त्यावर माणसं दिसू लागली. कपाळं भंडाऱ्यानं पिवळी, डोक्यावर पिवळे फडके, ट्रॅक्टरमध्ये बायका-पोरं, एका जीपच्या टपावर ढोलकी. सगळे एकाच बाजूला वळत होते, देवळाकडे. बाईंच्या शेजारची पुण्याची बाई मान लांब करून म्हणाली, "काकू, कसली हो ही गर्दी?"

दुसरं वाक्य. हेही सोपं होतं. नुसतं ड्रायव्हरला म्हणायचं, बाबा, गाडी इथंच वळव.

"आज रविवार," बाई म्हणाल्या. "बाजार असेल."

वैदेही पुढच्या सीटवर होती. तिनं मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग खिडकीबाहेर. तिला काही कळलं नसावं, असं बाईंनी स्वतःला सांगितलं. बस देवाला मागे टाकून पुढे गेली.

अणदूरच्या देवळात शुकशुकाट होता. मंडपात एक म्हातारी झाडत होती आणि पायरीवर कुत्रं झोपलं होतं. चौदा बायका चपला काढून आत गेल्या आणि गाभाऱ्यापाशी उभ्या राहिल्या. म्हातारीनं झाडू थांबवला. "देव न्हाय इथं, पोरींनो. नळदुर्गाला गेलाय. रस्त्यात दिसला न्हाय व्हय?"

मग एकजण हसली, दुसरीनं घड्याळ बघितलं. वैदेहीचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. ती धावत दगडोबाच्या घराकडे गेली, बायका तिच्यामागे. दाराला कुलूप. गल्लीत सूत ताणायच्या मेखा तेवढ्या उभ्या. तिनं फोन लावला, बोलली, आणि बायकांकडे वळून म्हणाली, "माफ करा. सगळे नळदुर्गलाच आहेत. आपल्याला मागं जावं लागेल. आणि आज माग बघायला मिळणार नाही."

"अगं, पण माग बघायलाच तर आलो होतो आम्ही," त्यांच्यातली एक वयस्क बाई म्हणाली. आवाज चढवून नाही, पण तो शब्द खडा पडावा तसा पडला. हाच क्षण बघायला बाई आल्या होत्या. त्यांनी तो नीट बघितला. वैदेहीनं ओठ चावला होता आणि डोळ्यांतलं पाणी कुणाला दिसू नये म्हणून ती फोनमध्ये बघत होती. बाईंना वाटलं होतं की आता बरं वाटेल. बरं वाटलं, नाही असं नाही, पण ते बसमध्ये चढेपर्यंतही टिकलं नाही.

नळदुर्गला पोहोचेपर्यंत ऊन कलायला आलं होतं. गर्दीतून वाट काढत दगडोबाचं पाल सापडलं. सकाळचं जागरण संपलं होतं, वाघ्ये जेवायला गेले होते. दगडोबा गाठोड्यावर बसून चातीवर लोकर कातत होता. बायका त्याच्याभोवती उभ्या राहिल्या. त्यानं आधी वैदेहीकडे पाहिलं, मग तिच्यामागे उभ्या असलेल्या विमलबाईंकडे, आणि त्याचं कातणं थांबलं.

"बाई, तुमी संगं हाय?" तो म्हणाला. "मग हे असं कसं झालं? म्या समजलो, ताई नव्या हायेत, चुकल्या आसतील. पर तुमी बसमधी आसताना गाडी अणदूरला गेलीच कशी? ह्या दिसांत देव कुठं आसतो ते तुमाला म्या सांगावं व्हय? दरसाल देव निघताना तुमी हजर. औंदाच तेवढं दिसला न्हाईत."

तो रागावून बोलत नव्हता. त्याला खरंच कोडं पडलं होतं. सगळ्या बायकांच्या माना बाईंकडे वळल्या. शाळेत इन्स्पेक्टर आला तरी त्या कधी अडखळल्या नव्हत्या, आज मात्र त्या शब्द शोधू लागल्या. गुडघा म्हणावं, विसर पडला म्हणावं, काय म्हणावं? दगडोबापुढे त्या कधी खोटं बोलल्या नव्हत्या.

"आईंना मी विचारलंच नव्हतं, काका," वैदेही म्हणाली.

तिचा आवाज अगदी साधा होता. "सगळं माझं मीच ठरवलं. त्यांना फक्त बसमध्ये बसा म्हणाले. त्या बिचाऱ्या कुठं मधे मधे बोलणार?"

दगडोबाची कपाळावरची आठी मोडली. आता त्याला सगळं उमगलं. "इथंच तुमचं चुकलं, ताई," तो तिला मोठेपणानं म्हणाला. "घरात येवढं मानूस आसताना इचारायचं न्हाय का? आवो, आमाला बी काय आडलं तर आमी बाईंना इचारतो. हे सगळं तुमी कुणापासनं शिकलाव? बाईंपासनंच ना?"

"हो, काका. चुकलंच माझं," वैदेही म्हणाली, आणि तिनं मान खाली घातली.

बायका आता विमलबाईंकडे निराळ्याच नजरेनं पाहू लागल्या. सकाळपासून खिडकीशी गप्प बसलेली ही सासू म्हणजेच खरी जाणती, आणि सुनेनं तिला धड विचारलंही नाही, असं त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. मागाबद्दल बोललेली ती वयस्क बाई तर पुढे आली, बाईंचा हात धरून म्हणाली, "काकू, मग तुम्हीच सांगा ना आम्हाला. हे कसं, देव जातो कसा, येतो कसा?"

किती महिने बाई ह्याच शब्दांची वाट बघत होत्या. दगडोबाच्या तोंडून, सगळ्यांसमोर, सुनेच्या देखत. सगळं अगदी मनासारखं घडलं होतं. त्यांनी वैदेहीकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे पाहत नव्हती. ती दगडोबाशेजारी खाली बसली होती, लोकरीचा पेळू हातात घेऊन, आणि चाती फिरवायचा प्रयत्न करत होती. धागा तुटत होता, ती तो पुन्हा जोडत होती.

बाईंना त्या क्षणी तिचा असा हेवा वाटला, जसा कधीच वाटला नव्हता. फोनचा नव्हे, व्हिडिओंचा नव्हे, बाजारात ओळखल्या जाणाऱ्या नावाचा नव्हे. आपल्याला हे जमलं नसतं, एवढं त्यांना स्वच्छ कळलं. तिच्या जागी त्या असत्या तर त्यांनी चौदा बायकांच्या देखत सांगितलं असतं, दोनदा विचारलं होतं हिला, दोनदा.

"सांगा ना, काकू," ती बाई पुन्हा म्हणाली.

विमलबाई सांगू लागल्या. मार्गशीर्ष लागला की देव अणदूरहून निघतो, पौषी पुनवेची जत्रा झाली की परततो. पालखी, भंडारा, देव कधी कुठं राहील याचा दोन्ही गावांचा करार, सगळं त्या नीट, शिक्षिकेच्या आवाजात सांगत गेल्या, आणि बायका मन लावून ऐकत राहिल्या. शेवटी कुणीतरी म्हणालं, "किती माहिती आहे हो तुम्हाला." बाईंची नजर वैदेहीच्या हातातल्या धाग्यावर होती. तो पुन्हा तुटला होता.